बाळाचे कान तपासले का?



बाळ जन्मलं की आपण वजन विचारतो, कोणावर गेलंय ते बघतो. त्याला ऐकू येतं का, हे मात्र क्वचितच विचारतो. ऐकू न येणारं बाळही रडतं, हसतं, सुरुवातीला हुंकारही देतं. दोन वर्षांचं होऊनही बोलेना, तर घरचे म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता." तोवर भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो.

कानाची पहिली तपासणी सोपी असते. तिला ओएई म्हणतात. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडाची नळी ठेवतात, काही मिनिटांत निकाल मिळतो. सुई नाही, दुखणं नाही.

मग अडतं कुठे? साध्या बाळंतपणात आई दोन-तीन दिवसांत घरी जाते. पहिल्या दिवशी बाळाच्या कानात ओल आणि चिकटा असतो, त्यामुळे चांगला कानही नापास होऊ शकतो. थांबावं, तर सुट्टी होते. यंत्राला शांतता लागते, आणि वॉर्डात गलका असतो. कुठे यंत्र नसतं, कुठे ते चालवणारं माणूस.

खरी गळती पुढे होते. कागदावर 'रेफर' लिहिलं म्हणजे बाळ बहिरं असं नाही. पुन्हा तपासा, एवढाच त्याचा अर्थ. पण बाळंतीण माहेरी, नोंदवलेला फोन नवऱ्याचा, तपासणी जिल्ह्याला, आणि सव्वा महिना बाहेर पडायचं नाही! तारीख निघून जाते.

हिशोब लक्षात ठेवा: 1 महिन्याच्या आत पहिली तपासणी, 3 महिन्यांच्या आत पक्कं निदान, 6 महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि उपचार सुरू. बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल किंवा कावीळ फार वाढली असेल, तर 'बेरा' तपासणीबद्दलही विचारा. काही दोष ओएईत सापडत नाहीत.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणाचाही समावेश आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना कागद दाखवा.

आपल्या गटात कोणाची लेक-सून बाळंत झाली, तर पुढच्या मीटिंगला दोन गोष्टी विचारा: कान तपासले का? आणि 'रेफर' असेल, तर तारीख कोणती? एसटीच्या भाड्यावाचून अडत असेल, तर गटातून उसने द्या. सोबतीला एकीनं जा.