सॅम्युएल ओडमन : अंथरुणावरचा निसर्गशास्त्रज्ञ

इ.स. १७८४ मध्ये स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात एक छोटा निबंध छापून आला. उत्तरेकडील प्राचीन वीरांच्या 'बेर्सेर्क' नावाच्या उन्मादाचा उलगडा निसर्गेतिहासाच्या आधारे करण्याचा तो प्रयत्न होता. निबंध लिहिणारा सॅम्युएल ओडमन हा तेहेतीस वर्षांचा ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होता. त्याची ख्रिस्ती स्तोत्रे आणि धर्मशास्त्राची व्याख्याने आज स्वीडनबाहेर क्वचितच कुणाला ठाऊक असतील. हा निबंध मात्र सव्वादोनशेहून अधिक वर्षे वादात जिवंत आहे.

ओडमनचा जन्म २७ डिसेंबर १७५० रोजी दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात, विस्लांडा येथे झाला. प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच प्रांतातला, तोही एका धर्मगुरूचा मुलगा. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. त्या काळच्या स्वीडनमध्ये खेडोपाडी राहणारा आणि लॅटिन जाणणारा माणूस म्हणजे बहुधा तिथला पाद्री. झाडे केव्हा फुलली, पक्षी केव्हा परतले, याची टिपणे ठेवायला त्याच्यापाशी सवडही होती आणि विद्याही. सृष्टीचे निरीक्षण ही ईश्वराच्या कर्तृत्वाची ओळख, अशी त्यामागची श्रद्धा होती. उप्साला विद्यापीठात ओडमनने लिनियसचे शिष्यत्व पत्करले. पुढे स्टॉकहोमजवळच्या वर्म्डो बेटावर अध्यापन आणि धर्मसेवा करताना त्याने समुद्रपक्ष्यांचा अभ्यास केला. हे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेले होते.

यानंतर त्याच्या आयुष्याला विलक्षण वळण लागले. प्रकृती तोळामासा, त्यात थंडी बाधेल ही धास्ती. उप्सालाला परतून तो धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला, पण घराबाहेर पडणे त्याने सोडले. १८२९ साली वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो वारला. त्याआधीची कित्येक दशके त्याने खोलीतच, बहुतेक अंथरुणावर, काढली. तिथूनच तो ग्रंथ लिहीत राहिला, दूरदेशीची प्रवासवर्णने स्वीडिशमध्ये आणत राहिला. १८१९ च्या स्वीडिश स्तोत्रसंग्रहातही त्याची रचना आहे. लिनियसचे फोर्सकॉल आणि हासेलक्विस्ट हे शिष्य पूर्वेकडे गेले. हासेलक्विस्ट १७५२ मध्ये स्मर्ना येथे आणि फोर्सकॉल १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावला. ज्या जगासाठी त्यांनी प्राण दिले, ते जग ओडमनने पुस्तकांतून पाहिले.

१७८५ ते १७९४ या काळात त्याने बायबलमधील प्राणी आणि वनस्पती यांवर निबंधमाला प्रसिद्ध केली. जुन्या हिब्रू शब्दाने नेमका कोणता पक्षी, कोणते झाड सांगितले आहे, हे तो प्रवाशांच्या नोंदींवरून ठरवीत असे. ही रीत रास्त होती, कारण मूळ ग्रंथात त्या वस्तूचे नाव होतेच. प्रश्न फक्त ओळख पटवण्याचा होता.

बेर्सेर्कांच्या बाबतीत मात्र तीच रीत निसरड्या वाटेवर गेली. तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन सांगतो की, ओडिन देवाचे हे योद्धे चिलखताविना लढत, ढाली चावत, आणि आग किंवा लोखंड यांपैकी कशानेच त्यांना इजा होत नसे. अन्य कथांत उन्माद ओसरल्यावर येणाऱ्या गळाठ्याचे वर्णन आहे. ओडमनने या लक्षणांशेजारी सैबेरियातील प्रवाशांची वर्णने ठेवली. तिथले काही लोक लाल टोपीवर पांढरे ठिपके असणारी अमानिटा मस्कारिया ही विषारी अळंबी नशेसाठी खात. त्यावरून त्याने अनुमान काढले की, बेर्सेर्कही हीच अळंबी खात असावेत. ती स्वीडनच्या जंगलांत मुबलक होती, हेही त्याच्या पथ्यावर पडले.

पण कथांमध्ये अळंबीचा उल्लेखच नाही. स्नोरीही त्या वीरांच्या काळानंतर कितीतरी पिढ्यांनी लिहीत होता. शिवाय या अळंबीने गुंगी, भ्रम, मळमळ होते. रणात उपयोगी पडेल असा संताप येईलच याची खात्री नाही. तरीही नॉर्वेचा वनस्पतिशास्त्रज्ञ शूबलर याने १८८५ मध्ये ही कल्पना पुन्हा उचलून धरली. २०१९ मध्ये कार्स्टन फातुर या संशोधकाने अळंबीऐवजी खुरासानी ओव्याचे नाव पुढे केले. पदार्थ बदलला, पण बाहेरून काही खाल्ल्याशिवाय असा उन्माद येणार नाही हे गृहीतक तसेच राहिले. विधी, समूहाचा आवेश, युद्धाची भीती ही कारणे मागेच पडली.

आपल्याला याचे एक भावंड ओळखीचे आहे. १९६८ मध्ये अमेरिकन अभ्यासक गॉर्डन वॅसन यांनी सैबेरियाच्याच वर्णनांचा आधार घेऊन ऋग्वेदातला सोम म्हणजे हीच अळंबी, असे प्रतिपादन केले. तिथे सोम निदान ऋचांमध्ये आहे, आणि ओळख पटवणे हा खरा प्रश्न आहे. तरीही ती ओळख आजवर सर्वमान्य झालेली नाही. बेर्सेर्कांच्या कथेत तर ओळखायलाच काही नव्हते.

ओडमनला दोष देणे सोपे आहे. पण ज्या काळात असा उन्माद सैतानाच्या माथी मारणे सहज शक्य होते, त्या काळात एका धर्मोपदेशकाने कारण जंगलात शोधले, हे धाडसच म्हटले पाहिजे. त्याच्या आयुष्यात पुराव्याच्या तीन पायऱ्या दिसतात : वर्म्डोचे पक्षी त्याने पाहिले, बायबलातल्या वनस्पतींची नावे त्याला वाचायला मिळाली, बेर्सेर्कांची अळंबी त्याने कल्पिली. कीर्ती मिळाली ती तिसरीला. जुन्या ग्रंथांचे कोडे नव्या शास्त्राने सोडवू पाहणाऱ्या प्रत्येकाने आपण यांतल्या कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे आधी तपासावे.