न दुखणारा दात, म्हणूनच जास्त जपायचा

आमच्या माहुलच्या इमारतीतल्या एका मावशींनी चार वर्षांपूर्वी पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतलं. घरकामाच्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकलेले आणि भिशीचे असे सगळे पैसे त्यात गेले. वर्षभरापासून ब्रश करताना तिथून रक्त यायचं, तोंडाला वासही यायचा. आम्ही म्हणायचो, "मावशी, एकदा दाखवून या." त्या म्हणायच्या, "दुखत तर नाही ना, मग कशाला?" शेवटी दात हलायला लागला तेव्हा त्यांना घेऊन गेलो. एक्स-रेमध्ये स्क्रूभोवतीचं हाड निम्म्याहून जास्त झिजलेलं दिसलं. स्क्रू काढावाच लागला.

"दुखत नाही, म्हणजे ठीक आहे" ही समजूत इम्प्लांटच्या बाबतीत महागात पडते. ती का, हे समजून घेऊ.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू. हाड या धातूला घट्ट धरून वाढतं, हे स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं आणि १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. स्क्रू हाडाशी जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. बहुतेक वेळा मग त्यावर दाताची कॅप बसवतात.

आपल्या खऱ्या दाताला आत नस असते. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादीही असते. दात किडला, सुजला की हे दोन्ही ओरडून सांगतात. इम्प्लांटला ना नस, ना गादी. त्याच्याभोवती पू झाला, हाड झिजलं तरी तो बराच काळ गप्प राहतो. म्हणून दुखण्याची वाट न बघता बाकीच्या खुणा ओळखायला हव्यात.

पहिल्या काही महिन्यांत काय बघायचं? स्क्रू बसवल्यावर दोन-तीन दिवस सूज आणि ठणका असतो, तो रोज कमी व्हायला हवा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो वाढत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. बधिर करण्याच्या इंजेक्शनचा असर काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर त्याच दिवशी कळवा.

नंतर वर्षानुवर्षं काय बघायचं? ब्रश करताना रक्त येणं, हिरडी लाल होऊन सुजणं, दाबल्यावर पू येणं, घाण वास, हिरडी खाली सरकून धातू दिसू लागणं. नुसती हिरडी सुजलेली असताना गेलात, तर नीट सफाई करून ती पूर्ववत होऊ शकते. हाड झिजायला लागलं की ते परत भरून येणं कठीण असतं. रक्त दिसलं तेव्हाच गेलो तर दात वाचण्याची संधी मोठी असते.

दात हलतोय असं वाटलं तर घाबरून जाऊ नका, पण थांबूही नका. कधी कधी फक्त वरची कॅप किंवा तिचा लहान स्क्रू ढिला झालेला असतो, तो डॉक्टर घट्ट करून देतात. हाडातला स्क्रूच हलत असेल तर बहुधा तो काढावा लागतो. कुठलं काय, हे तपासूनच कळतं. घरी चिमट्याने पिळू नका. मेडिकलमधून गोळ्या आणून खाऊ नका. त्याने पू थोडे दिवस थांबतो, पण आत हाड झिजतच राहतं.

आता जे आपल्या हातात आहे त्याबद्दल.

मशेरी, तंबाखू, गुटखा, विडी. इथे स्पष्ट बोलू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. मशेरीला तर आपण दात घासायची पावडर समजतो. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही आणि स्क्रू निकामी होण्याचा धोका वाढतो. इम्प्लांटआधी सोडा आणि नंतर पुन्हा धरू नका.

साखर. मधुमेह असला तरी इम्प्लांट करता येतं, पण साखर ताब्यात हवी. आधी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी करून घ्या.

काही लपवू नका. हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तोंडाच्या कॅन्सरसाठी घेतलेला शेक, झोपेत दात खाण्याची सवय, हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगा.

सफाई. रोज दोनदा मऊ ब्रश, आणि दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश किंवा दोरा. दर सहा महिन्यांनी तपासणी.

ही तपासणी आपल्याकडे नेमकी सुटते. तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटल्यावर २०१७ पासून बरीच कुटुंबं माहुलला आली. जुना दवाखाना विद्याविहार-घाटकोपरकडे राहिला. नवा डॉक्टर विचारतो, स्क्रू कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा? ते माहीत नसेल तर साधी दुरुस्तीही अडते. म्हणून इम्प्लांट बसवतानाच कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागा. एक्स-रे आणि बिल त्याच्यासोबत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

डॉक्टर डेंटल कौन्सिलकडे नोंदलेला आहे ना, हे विचारायला लाजू नका. दुसरं मत हवं असेल तर चेंबूरहून हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरा. सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे.

आणि पैसे जुळत नसतील तर कर्ज काढून इम्प्लांट बसवलंच पाहिजे असं नाही. काढता-घालता येणारी कवळी किंवा ब्रिज हेही चांगले पर्याय आहेत.

मावशींची जखम भरली आहे. हाड पुरेसं असेल तर काही महिन्यांनी पुन्हा स्क्रू बसू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी मशेरीचा डबा टाकून दिला आहे. आज रात्री ब्रश करून थुंकताना तुम्हीही एकदा नीट बघा. लाल दिसलं तर उद्याच जा.