रिपोर्ट कोणाच्या मोबाइलवर येतो?



पूर्वी दवाखान्याची पायरी चढल्याशिवाय डॉक्टरांची गाठ पडत नसे. आता पलसाणा तालुक्यात उसाच्या बांधावर उभे असतानाही रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि अंगावरील पुरळाचा फोटो डॉक्टरांकडे जातो. खेप वाचते, मजुरी बुडत नाही. सोय चांगली आहे. परंतु दाराआड डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट जशी गुप्त राहते, तशीच मोबाइलवरून कळविलेलीही राहिली पाहिजे.

गोष्ट फुटते ती बहुधा नंबर लिहून देतानाच. घरात फोन एकच असला तर मुलाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर दिला जातो. डांग-नंदुरबारकडून ऊसतोडीला आलेला मजूर मुकादमाचा नंबर देतो. मग क्षयाचा, एचआयव्हीचा किंवा गर्भारपणाचा रिपोर्ट आधी परक्याच्या हाती पडतो. कोणाचे काम जाते, कोणाची सोयरीक मोडते. त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या वेळी तो रोगी तपासणीलाच जात नाही आणि आजार अंगात वाढतो.

व्हॉट्सॲपवरील निरोप २०१६ पासून कुलूपबंद होऊन जातात. वाटेत ते कोणी वाचू शकत नाही. पण हे कुलूप वाटेपुरतेच असते. फोन ज्याच्या हातात, त्याला सारे उघडे.

दवाखान्याच्या बाजूनेही हयगय होऊ शकते. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. त्यांत एचआयव्हीचेही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्याचे चित्रण चोरून विकले जात असल्याचे उघडकीस आले. म्हणून आपली माहिती कोठे ठेवली जाते, हे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही.

फोनवरून सल्ला देण्याचे नियम सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केले. त्यांनुसार डॉक्टरांनी आपली ओळख सांगावी, औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालावा आणि रोग्याची माहिती गुप्त ठेवावी. फोन रोग्याने केला तर त्याची संमती धरली जाते. डॉक्टरांकडून किंवा आरोग्यसेवकाकडून झाला तर संमती स्पष्ट विचारावी लागते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत.

कायदा आपल्या जागी. घरच्या घरी पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. नंबर रोग्याचाच द्यावा. स्वतःचा फोन नसेल तर “रिपोर्ट कागदावरच द्या, मी येऊन नेईन,” असे सांगावे.

२. रिपोर्ट डॉक्टरांच्याच नंबरवर पाठवावा. पाठविण्यापूर्वी वरचे नाव पाहावे. भाऊबंदांच्या किंवा गावाच्या ग्रुपवर टाकू नये.

३. फोनला कुलूप लावावे. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून, आपले व्हॉट्सॲप दुसऱ्या कोठे चालू नाही ना, हे पाहावे.

४. झेरॉक्सच्या दुकानात रिपोर्ट छापून घेतल्यावर तो तेथील संगणकातून आपल्यासमोर पुसून घ्यावा.

५. डॉक्टरांच्या नावाने कोणी ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागितला तर देऊ नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

६. जुने कागद जपावेत. २००२ च्या नियमांप्रमाणे दवाखान्यात दाखल रोग्याची नोंद डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवावयाची असते, आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावयाची असते.

एक गोष्ट मात्र मोबाइलवर सोडू नये. फवारणी करताना भोवळ आली, तोंडाला फेस आला किंवा दम लागला, तर निरोपाच्या उत्तराची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन इस्पितळ गाठावे.

एरवी आमचे सांगणे इतकेच की, शेजाऱ्याचा रिपोर्ट चुकून आपल्या फोनवर आला तर तो मुकाट्याने त्यालाच पोहोचवावा, पुढे पाठवू नये. घरातील सून-लेकींचे फोन उघडून पाहू नयेत. आपली गोष्ट बाहेर जाणार नाही, हा भरवसा असेल तरच माणूस वेळेवर औषध घेतो.