काचेपलीकडचं पाणी (भाग ४) : खवलचोराला शेजारी कोण?

गेल्या आठवड्यात आपल्या शहरासाठी कल्पिलेल्या मत्स्यालयातली टाकी कोरडीच होती. काचेची जाडी, गाळण्या, माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू, इथवर येऊन आपण थांबलो. त्यानंतर जो भेटला त्याने एकच विचारलं, "शार्क असणार ना?" विचारणारे बहुतेक चाळिशीच्या पुढचे. मुलांनी विचारलं, "कासव असेल का?" मुलांचा प्रश्न जास्त शहाणा आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी शार्कचा निकाल लावू.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय २७ मे १९५१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. मराठी माणसाच्या मनातलं मत्स्यालयाचं चित्र आजही तिथलंच आहे. अंधारलेली ओवरी, भिंतीत उजळलेल्या चौकटी आणि आईचा हात धरून एकीकडून दुसरीकडे सरकणारी रांग. पण मरीन ड्राइव्हला रस्ता ओलांडला की अरबी समुद्र. खारं पाणी दाराशीच. (२०१५ मध्ये तिथे बोगदा वगैरे करून नूतनीकरण झालं. कोविडकाळात ते बंद पडलं आणि पुढे वर्षानुवर्षं बंदच राहिलं. दाराशी समुद्र असूनही इमारत सांभाळता येतेच असं नाही.)

आपल्या छत्रपती संभाजीनगरात तो समुद्र पोत्यांतून आणावा लागेल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शार्क ठेवायचा म्हणजे लाखभर लिटर पाणी ही अगदी खालची पायरी, आणि तेवढ्याला साडेतीन टन क्षार लागतात. स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम योग्य प्रमाणात असलेलं खास मिश्रण विकत घ्यावं लागतं. महिन्याला पाचवा हिस्सा पाणी बदललं तरी दर महिन्याला वीस हजार लिटर गोडं पाणी आणि सातशे किलो क्षार. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि टँकर दिसला की गल्लीत हंडे निघतात, तिथे दर महिन्याला दोन मोठे टँकर एका शार्कसाठी उभे करायचे, हे मला तरी जमायचं नाही. शिवाय तो शार्क करणार काय? गोल गोल फिरणार. लोक फोटो काढणार आणि पुढे जाणार.

असाच मोह मुंबईला पेंग्विनचा पडला होता. २०१६ च्या जुलैत राणीच्या बागेत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरात त्यांतला एक दगावला आणि वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल एवढा वाद झाला. पुढे उरलेले रुळले, त्यांना पिल्लंही झाली, बागेत गर्दी वाढली. हिशेबाच्या वहीत हे जमेलाच धरावं लागेल. पण चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचा पक्षी भायखळ्यात जगवायचा तर वातानुकूलन यंत्र क्षणभरही थांबून चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्याला तारा तुटतात.

म्हणून टाकीत कोण राहणार हे ठरवताना माझा पहिला प्रश्न असा : चार तास वीज गेली तर कोण जगेल?

प्रश्न थट्टेचा वाटला तरी उत्तर शास्त्राचं आहे. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात माशांची भूक वाढते, श्वास वाढतो आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू घटतो. त्यात हवा सोडणारा पंप बंद पडला की मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. डोंगरातल्या वाहत्या, थंड पाण्याची सवय असलेला महसीर आधी गुदमरतो. मरळ मात्र निवांत असते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी पोकळी आहे, ती थेट हवेतून श्वास घेते. उलट तिला हवा मिळाली नाही तर पाण्यात राहूनही ती बुडून मरते! टाकी काठोकाठ भरून झाकण लावणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. मरळीच्या टाकीत पाण्याच्या वर वीतभर जागा मोकळी हवी आणि झाकणावर वजन हवं, कारण ती उडी मारते.

मरळ ही माझ्या यादीत पहिली. तिची विण्याच्या काळातली टाकी लोकांनी पाहावी असं मला फार वाटतं. पिल्लांचा लालसर थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी उकळल्यासारखा हलत असतो आणि खाली आईबाप राखणीला असतात. थवा दिसला की खाली मोठी जोडी आहे हे मासे धरणाऱ्याला कळतं आणि तो तिथेच गळ टाकतो. राखण करणाऱ्याचाच असा घात होतो. काचेपलीकडून हे पाहिलेलं मूल मरळीचा रस्सा खायचं सोडणार नाही, पण पावसाळ्याच्या तोंडी मरळ का धरू नये हे त्याला न सांगता कळेल.

आता मुद्द्याचं. आपल्या शहराचं पाणी नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचं उद्घाटन केलं. दहा किलोमीटर लांबीच्या त्या भिंतीआडचं पाणी आपण पितो, आणि त्या पाण्यात कोण राहतं हे विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकांची गाडी कटला-रोहूवर थांबते. ते दोघे आणि मृगळ मूळचे उत्तरेकडचे, गंगेच्या खोऱ्यातले. मत्स्यबीज सोडून इथे रुळवलेले. मग इथले कोण?

त्याचं उत्तर गंमत म्हणजे लॅटिन नावांत लिहून ठेवलेलं आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत फिरत होता. पिकं, पाऊस, पक्षी जे दिसेल ते तो नोंदवायचा. त्याने इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. नव्या जातींना नावं देताना त्याने बऱ्याचदा ग्रीक-लॅटिनची डोकेफोड न करता काठावरच्या माणसांकडून ऐकलेलं नावच उचललं. त्यामुळे महसीर झाला 'टॉर खुद्री', शिंगाळा झाला 'स्पेराटा सिंघाला', कोळशी झाली 'कोलस', ताकरी राहिली 'ताक्री', आणि दगडाला चिकटणारा मळ्या जगभर 'गारा मुल्या' झाला. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला 'नुक्ता' त्याला इंद्रायणीत चाकणजवळ मिळाला. आज तो दुर्मीळ झाला आहे. स्पेलिंगची वाट लागली असली तरी कान लावला की पलीकडून कुणी भोई बोलतोय असं वाटतं. त्याचं नाव साइक्सने कुठे लिहिलेलं नाही, माशांची मात्र लिहिली.

म्हणून माझ्या मत्स्यालयात पाटीवर आधी मोठ्या अक्षरांत 'मळ्या' असेल आणि खाली शास्त्रीय नाव. दोन्ही एकच आहेत हे चौथीतल्या मुलालाही ओळखू येईल.

मळ्याचा आणखी एक उपयोग. घरोघरच्या टाक्यांत काचेवरचं शेवाळ खायला लोक 'सकर' आणतात, तो काळा, खडबडीत कवचाचा दक्षिण अमेरिकी मासा. दुकानात तो बोटाएवढा असतो आणि वाढून हातभर होतो. मग कुणाला मारवत नाही, कुणाला ठेववत नाही, आणि पिशवीत घालून त्याला तळ्यात सोडलं जातं. देशभरातल्या कितीतरी तळ्यांत तो आता बस्तान मांडून आहे. काठ पोखरतो, काटेरी परांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तिलापियाची कथा याहून जुनी. १९५२ मध्ये तो देशात आणला गेला आणि आज उजनीच्या काठावर 'चिलापी' म्हणून तो जणू तिथलाच झाला आहे. आपला मळ्या शेवाळ खरवडायचं काम करतो. खालच्या ओठामागे त्याला चकतीसारखा चोषक असतो, त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. फक्त त्याला प्रवाह लागतो. टाकीत एका टोकाने पाणी जोराने सोडावं लागेल, गोलगोटे लागतील. पण पाणी खळखळलं की त्यात हवा मिसळते, म्हणजे तो खर्च वायाही जात नाही.

इथे एक खाचखळगा आहे, तो सांगितल्याशिवाय 'आपला मासा' म्हणून टाळ्या घेणं बरं नव्हे. टाटा कंपनीच्या लोणावळ्याजवळच्या वळवण केंद्रात गेली पन्नासएक वर्षं महसीराची कृत्रिम पैदास होते. फार मोठं काम. पण तिथली खुद्रीची पिल्लं लांब कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबड असलेला महसीर मागे पडत गेला. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. एका नदीतला भूमिपुत्र दुसऱ्या नदीत घुसखोर ठरतो. तेव्हा मत्स्यालयातला एकही मासा, अगदी मळ्यासुद्धा, 'सोडून देऊ' म्हणून ओढ्यात जाता कामा नये. टाकीचं सांडपाणीही नाही. आपल्याकडची गटारं खाम नदीला मिळतात आणि खाम पुढे नाथसागराला. टाकीतला रोग फिरून आपल्याच माठात यायचा.

शेजार ठरवणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड आहे, कारण इथे पत्रिका जुळली नाही तर एक पक्ष दुसऱ्याला खातो. ढोबळ नियम सोपा : ज्याच्या तोंडात मावेल तो त्याचा घास. शिंगाळा हातभर वाढतो, त्याच्याबरोबर पिटुकल्या टिक्टो माशांचा थवा ठेवला तर आठवड्यात थवा संपेल. मग मजले वाटून द्यायचे. वरच्या थरात चपळ चांदीच्या पात्यांसारखे मासे, मधे टिक्टो, तळाशी मळ्या. वाम वेगळी. तिला बारीक वाळू लागते, कारण ती अंग पुरून फक्त नाकाडं बाहेर ठेवते. खडबडीत खडी घातली की अंग सोलतं आणि जखमेत बुरशी धरते. शिवाय वायरीसाठी ठेवलेल्या भोकातून पळून जाण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. सकाळी ती जमिनीवर सुकलेली सापडते.

शिंगाळ्याचा प्रश्न निराळाच. तो निशाचर. मत्स्यालय दहा ते सहा उघडं, आणि तेवढा वेळ हा कपारीत. लोक काचेवर टकटक करणार. (ही टकटक आत ढोल वाजवल्यासारखी पोचते. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो.) उपाय जुना आहे : त्याची रात्र उलटी करायची. संध्याकाळी सहानंतर दिवे लावायचे, दिवसा मंद तांबडा उजेड. काही आठवड्यांत मासा घड्याळ बदलतो.

समुद्र अगदीच नको का? पैठणच्या पोराने समुद्र कधी पाहिला नसेल तर त्याला काहीतरी दाखवायला हवंच. माझं मत : एकच टाकी, हजारभर लिटरची, आणि तिच्यात कोकणातल्या खाडीचा चिखल. त्या चिखलावर निवटी. निवटी मासा असूनही चिखलावर परांच्या कोपरांनी चालते, डोळे बेडकासारखे वर, भांडताना पाठीचा पर उभारते. खाडीचं पाणी मचूळ, त्यामुळे मिठाचा खर्च निम्म्याच्या आसपास. शार्कपुढे थांबतात त्याहून लोक हिच्यापुढे जास्त वेळ थांबतील, पैज लावा. समुद्रघोडा आणि प्रवाळ मागू नका, त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. डॉल्फिनचे खेळ तर २०१३ पासून देशात बंदच.

आता कासव. गोदावरीत मऊ पाठीची कासवं आहेत आणि त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे धरून आणून ठेवता येणार नाहीत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीने, जखमी किंवा तस्करीतून सोडवलेलं आणि पुन्हा नदीत सोडण्याजोगं न राहिलेलं एखादं मिळालं तरच. मिटमिट्याला नवं प्राणिसंग्रहालय उभं राहतंय, सिद्धार्थ उद्यानातले प्राणी तिकडे जायचे आहेत. तेव्हा हा विचार तिथल्या आराखड्यातच झालेला बरा. तोवर मुलांना पाणचक्कीवर न्यावं. मलिक अंबरच्या शहरात नहरीच्या पाण्यावर भरलेले तिथले हौद हेच आपलं सर्वांत जुनं मत्स्यालय. वडाच्या सावलीत मासे पाहत बसायला तिथे अजून मजा येते. फक्त ते मासे कोणते, हे सांगणारी पाटी नाही.

राहिला खवलचोर. कृष्णेच्या खोऱ्यातला हा लहान मासा मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णींनी १९५२ मध्ये जगासमोर आणला आणि नाव मराठीच ठेवलं, 'निओट्रोपियस खवलचोर'. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खाणं हा त्याचा धंदा. कुणाही शेजाऱ्याबरोबर ठेवला तरी आठवड्याभरात शेजारी बोडका. आपल्या गोदावरीचा नसला तरी एक छोटी टाकी मी त्याच्यासाठी राखून ठेवली आहे, दाराजवळच, एकट्याची. तिच्यावरच्या पाटीत नावाखाली काही लिहावं लागणार नाही.

(पुढच्या भागात : पहिला मासा टाकीत सोडण्याआधी तो महिनाभर कुठे राहतो?)