न दिसणाऱ्या कणांचा हिशेब

दुकानदार रात्री दुकान बंद करण्यापूर्वी रोजमेळ लिहितो. जमा आणि शिल्लक यांचा मेळ बसला नाही, तर पैसे कुठेतरी गेले, हे त्याला कळते; मग ते जाताना कोणी पाहिलेले नसले तरी! अदृश्य मूलकणांचा शोध असाच घ्यावा लागतो.

किरणोत्सर्गी अणुकेंद्रातून बीटा कण बाहेर पडताना काही ऊर्जा हरवल्यासारखी दिसे. ती एखादा अदृश्य कण घेऊन जात असावा, असे १९३० साली वोल्फगांग पाउली यांनी सुचविले. हा कण म्हणजे न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष सापडण्यास १९५६ साल उजाडले.

आज तसेच कोडे कृष्णद्रव्याचे आहे. विश्वात ते नेहमीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे. पण ते कशाचे बनलेले आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. त्याचे कण एखाद्या टकरीत निर्माण झालेच, तर ते उपकरणांना चकवून निघून जातील. मागे उरेल ती फक्त हिशेबातील तूट.

जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉनांच्या टकरी घडवून २०१२ साली हिग्ज कण शोधला गेला. परंतु प्रोटॉन म्हणजे क्वार्क व ग्लुऑन यांचे गाठोडे. त्यातील कोणता कण किती ऊर्जेने आदळला, हे नेमके सांगता येत नाही. म्हणजे जमेची बाजूच अपुरी!

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे तसे नाही. त्यांच्या टकरीतील आरंभीची ऊर्जा नेमकी माहीत असते. सर्नच्या लेप यंत्रात १९८९ ते २००० या काळात अशा टकरी झाल्या. त्यांतून मिळालेल्या सुमारे १ कोटी ७० लाख झेड कणांच्या अभ्यासावरून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच आहेत, हे निश्चित झाले.

आता तेथे सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या यंत्राची योजना आखली असून तिचा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५ लाख कोटी झेड कण निर्माण करावयाचे आहेत. न्यूट्रिनोही ऊर्जा पळवितात, म्हणून त्यांचा वाटा आधी वजा करावयाचा. तरीही तूट उरली, तर ती नव्या कणाची खूण ठरेल.

असा कण सापडेलच, याची हमी कोणी देत नाही. पण हिशेब तंतोतंत जुळला, तरी अनेक कल्पना कायमच्या बाद होतील. ज्ञान दोन्ही बाजूंनी वाढेल.

यंत्र उभे राहिलेच, तर ते २०४५च्या सुमारास सुरू होईल. तेव्हा तुम्ही तिशी ओलांडलेली असेल. हा रोजमेळ तपासण्याचे काम तुमच्याच पिढीकडे येणार आहे!