उसनवारीची अतिदक्षता

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्र शासनाने करोनाविरुद्धच्या बंदोबस्तासाठी ज्या कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ सालचा साथरोग कायदा मुंबईतल्याच प्लेगच्या धास्तीने जन्मास आला होता. त्या प्लेगच्या दिवसांत मांडवी-डोंगरीच्या कोंदट चाळींतून ज्यांना निघणे शक्य होते अशी कुटुंबे मोकळ्या हवेसाठी वांद्रे-अंधेरीकडच्या साष्टीच्या गावांत येऊन राहिली, आणि आज ज्याला आपण उपनगर म्हणतो त्या वस्तीच्या वाढीला त्या पलायनानेही थोडाबहुत हातभार लावला. सव्वाशे वर्षांनी दुसरी साथ आली तेव्हा त्याच गावांची वस्ती नव्वद लाखांच्या वर गेली होती, आणि श्वास कोंडलेल्या माणसाला घेऊन तिथल्या आप्तांना उलट दिशेने, परळ-शीवच्या वाटेने, धाव घ्यावी लागत होती.

या उलट्या प्रवासाचे कारण शोधायचे तर विषाणूपेक्षा मुंबईच्या दफ्तरात अधिक डोकवावे लागते. १९५० साली महापालिकेची हद्द माहीमची खाडी ओलांडून जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली ती दहिसर व मुलुंडला भिडली, १९९० च्या ऑक्टोबरात मुंबई उपनगर हा स्वतंत्र महसुली जिल्हा झाला, आणि २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ तर मुंबई शहर जिल्ह्याची ३०,८५,४११ भरली. म्हणजे चार मुंबईकरांतले तिघे उपनगरवासी ठरले. पण जे. जे., नायर, केईएम आणि शीवचे लोकमान्य टिळक ही चारही मोठी शिक्षण-रुग्णालये शहर जिल्ह्यात होती ती तिथेच राहिली. पालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय उपनगरात आले ते विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात, आणि तेही २०१५ साली. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अग्रवाल, कांदिवलीचे शताब्दी ही रुग्णालये बाळंतपणे, हाडमोडी, पावसाळी ताप आणि रेल्वेचे अपघात यांचा भार वर्षानुवर्षे निमूटपणे वाहत आली खरी, परंतु रुग्ण अत्यवस्थ झाला की चिठ्ठीवर चार ओळी खरडून ‘सायनला न्या’, ‘केईएमला हलवा’ असे सांगण्याचा जो शिरस्ता पडला, त्यालाच आपण व्यवस्था समजत आलो. त्यातच भगवती आणि अग्रवाल या दोहोंच्या पुनर्बांधणीचे काम साथीच्या आधीपासून रेंगाळलेले. अंधेरीचे कोकिलाबेन, पार्ल्याचे नानावटी, मुलुंडचे फोर्टिस यांच्या अतिदक्षता विभागांचा लौकिक मोठा. मात्र विम्याचे कवच नसलेल्या गृहस्थाला तिथल्या दैनिक आकाराचा विचारही परवडत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्राचा अभ्यास लागत नाही.

अतिदक्षता विभाग हेदेखील एका साथीचेच अपत्य आहे. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओने श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांची ब्लेगडाम रुग्णालयात दाटी झाली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हाताने रबरी पिशवी दाबत श्वास पुरवण्याची तजवीज केली, आणि ती पार पाडण्यासाठी शेकडो वैद्यकीय विद्यार्थी आठवडेच्या आठवडे पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. पुढे त्या हातांची जागा यंत्राने घेतली, तरी यंत्राकडे पाहणारा डोळा कोणी काढून घेऊ शकले नाही. कृत्रिम श्वसनावरच्या प्रत्येक रुग्णामागे दर पाळीला एक प्रशिक्षित परिचारिका असावी असा या शास्त्राचा दंडक आहे. दिवसाच्या तीन पाळ्या, साप्ताहिक सुटी आणि आजारपणाची रजा हिशेबात धरली तर एका खाटेमागे चार-पाच जणी तरी लागतात, आणि संरक्षक पोशाखात सहा-सहा तास पाण्याचा घोट न घेता उभे राहावे लागल्यावर व मधूनमधून विलगीकरणात बसावे लागल्यावर तो आकडा कुठवर जातो याची मोजदाद ज्याने त्याने करावी. साथीच्या दोन वर्षांत ‘इतके व्हेंटिलेटर आले, इतक्या खाटा वाढल्या’ असे जे आकडे रोज प्रसिद्ध होत होते, त्यांच्या शेजारी परिचारिकांचा रकाना सहसा नसे.

ही तूट आपल्यापुरती नव्हती. आयर्लंडची लोकसंख्या आपल्या उपनगर जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी. तिथे २००९ सालच्या एका अहवालाने २०२० पर्यंत ५७९ अतिदक्षता खाटांची शिफारस केली होती, आणि प्रत्यक्षात साथ दाराशी आली तेव्हा त्या संपन्न देशापाशी साधारण २५५ होत्या. त्या सरकारने मार्चच्या अखेरीस खासगी रुग्णालये तीन महिन्यांपुरती खर्चाच्या बोलीवर आपल्या अंमलाखाली घेतली. महाराष्ट्र शासनाने मे २०२० मध्ये काढलेला हुकूम याच जातीचा होता: खासगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटा शासनाच्या नियंत्रणात, आणि दर ठरलेले, साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षतेला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. औषधे आणि तपासण्यांच्या नावाने या चौकटीला फटी पडल्या व लेखापरीक्षकांना रुग्णालयांत बसवावे लागले. तरीही ज्या दाराशी मध्यमवर्गीयसुद्धा बिचकत होता ते दार एका अधिसूचनेने किलकिले झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

उपनगरांची पहिली मोठी भिस्त मात्र एका बंद पडलेल्या इमारतीवर होती. अंधेरी पूर्वेला मरोळ येथे पालिकेच्या भूखंडावर खासगी भागीदारीतून उभे राहिलेले सेव्हन हिल्स रुग्णालय दीड हजार खाटांच्या मनोरथासह २०१० साली उघडले, कर्जात बुडाले, दिवाळखोरीच्या कज्जात अडकले आणि कुलूपबंद होऊन पडले. ११ मार्च २०२० रोजी मुंबईत पहिले दोन रुग्ण सापडल्यावर काही दिवसांतच ते कुलूप निघाले. पालिकेने आधी विलगीकरणासाठी आणि लगोलग उपचारांसाठी ती वास्तू वापरात आणली, रिलायन्स फाउंडेशनच्या रुग्णालयाने तिथे शंभर खाटांचा विभाग उभारला, आणि डॉ. बाळकृष्ण अडसूळ यांच्या देखरेखीखाली ते उपनगरांतील करोना-उपचारांचे प्रमुख केंद्र झाले. भिंती होत्या, नळ होते, यंत्रे येत होती; कमी पडत होती ती माणसे. २२ मार्चनंतर लोकल बंद झाल्या होत्या, आणि मुंबईच्या परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ यांचा फार मोठा भाग वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, बदलापूर इथे राहणारा. अत्यावश्यक सेवकांसाठी लोकल पुन्हा धावल्या त्या १५ जूनला. तोवरच्या बारा आठवड्यांत एसटी आणि बेस्टच्या बसगाड्यांनी या माणसांची ने-आण केली. अतिदक्षतेच्या इतिहासात एसटीच्या चालक-वाहकांना एक परिच्छेद मिळावयास हवा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मेच्या अखेरीस वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचे डॉ. तात्याराव लहाने यांनी केरळच्या आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहून ५० डॉक्टर व १०० परिचारिका मागितल्या, आणि तिरुवनंतपुरमचे डॉ. संतोष कुमार यांच्यासह आलेली तुकडी सेव्हन हिल्सचा अतिदक्षता विभाग उभारण्यास हातभार लावू लागली. देशाच्या आर्थिक राजधानीने हात पसरून परिचारिका मागाव्यात यात काहींना मानहानी दिसली. मला त्यात त्या वर्षातला सर्वांत सरळ सरकारी पत्रव्यवहार दिसतो.

जूनमध्ये साथीचा रोख उत्तरेकडे वळला. धारावी-वरळीचे आकडे उतरणीस लागले असता दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, भांडुप, मुलुंड येथे ते चढू लागले, शहरातल्या जवळजवळ सगळ्या अतिदक्षता खाटा व्यापलेल्या होत्या, आणि त्या महिन्याच्या २२ तारखेला पालिकेने ‘मिशन झीरो’ या नावाने पन्नास फिरते दवाखाने या भागांत उतरवले. आठ मेला आयुक्तपदाची सूत्रे हाती घेतलेल्या इक्बालसिंह चहल यांच्या काळातील जो बदल मला सर्वांत दूरगामी वाटतो तो मात्र फिरत्या दवाखान्यांचा नव्हे. त्यापूर्वी १९१६ या एकाच दूरध्वनी क्रमांकावर सारी मुंबई खाट मागत असे, आणि चाचणीचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती पडल्यामुळे लक्षणे नसलेला धनिकही घाबरून अतिदक्षतेची खाट अडवून बसे. आता प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे, तिथून पहाटे चोवीस प्रभागांच्या वॉर रूमकडे, आणि वॉर रूममधून डॉक्टर रुग्णाशी बोलून किंवा त्याच्या घरी जाऊन त्याला खाटेची गरज आहे की नाही, असल्यास कोणत्या, हे ठरवणार, अशी रीत पडली. अंधेरीचे के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी, ही जकातीच्या पावतीवरची वाटावीत अशी अक्षरे घरोघर तोंडपाठ झाली. एकही खाट न वाढवता खाटांचा तुटवडा सौम्य करता येतो, हे यातून दिसले.

वाढवलेल्या खाटा आल्या त्या मैदानांवर. गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन-संकुलात, मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडासच्या जागेवर सिडकोच्या हस्ते, दहिसरला मेट्रो महामंडळाच्या हस्ते जम्बो केंद्रे उभी राहिली. मुलुंड व दहिसरच्या केंद्रांचे लोकार्पण मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ७ जुलै २०२० रोजी केले. घरे बांधणाऱ्या आणि रूळ टाकणाऱ्या खात्यांनी रुग्णालये बांधावीत हा प्रकार विलक्षणच, पण त्या खात्यांना मोठी कामे मुदतीत उरकण्याची सवय होती आणि आरोग्यखात्याला ती कधी लावलीच गेली नव्हती. प्राणवायूच्या बाबतीतली दूरदृष्टीही याच वर्षातली. नाकावाटे जोराने प्राणवायू देणारे यंत्र मिनिटाला साठ लिटरपर्यंत वायू ओढते. सात हजार लिटरचे मोठे सिलिंडर अशा एका रुग्णाला दोन तासही पुरत नाही, आणि एका दालनात अशी दहा यंत्रे एकदम चालू झाली की जुन्या नळमार्गातला दाब कोसळतो. हे ओळखून पालिकेने मोठ्या रुग्णालयांत आणि जम्बो केंद्रांत तेरा-तेरा हजार लिटरच्या द्रवरूप प्राणवायूच्या टाक्या २०२० मध्येच बसवल्या.

त्या टाक्यांची कसोटी दुसऱ्या लाटेत लागली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण नोंदले गेले. त्यानंतरच्या काही दिवशी शहरभरच्या अडीच हजारांहून अधिक अतिदक्षता खाटांपैकी रिकाम्यांची संख्या दोन अंकांवर उतरली. १६ एप्रिलच्या रात्री सहा रुग्णालयांतला प्राणवायू संपत आल्याचे कळताच १६८ रुग्णांना पहाटेपर्यंत रुग्णवाहिकांतून जम्बो केंद्रांत हलवण्यात आले आणि त्यांतला एकही दगावला नाही, असे आयुक्तांनी नंतर सांगितले. मेच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला मुंबईचा धडा गिरवावयास सुचवले. ही शाबासकी रास्त होती. पण एक गोष्ट तिच्यात झाकली गेली. जी रुग्णालये त्या रात्री रिकामी करावी लागली ती पालिकेची छोटी रुग्णालये होती, आणि त्यांचा आधार ठरलेली केंद्रे तंबूची.

वीज आणि आग यांनीही आपला कर वसूल केला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोसळला त्या दिवशी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयाचे जनित्र पेटले व रुग्णांना बाहेर काढावे लागले. २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील रुग्णालयात धूर शिरून तिथल्या रुग्णांचे प्राण गेले. साथीच्या निकडीपोटी त्या रुग्णालयाला तात्पुरती परवानगी दिली होती आणि तिची मुदत महिनाअखेरीस संपणार होती, असे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. मॉलमध्ये रुग्णालय कसे, असा प्रश्न तेव्हा सर्वांनी विचारला. भांडुपच्या माणसाला जवळपास दुसरी अतिदक्षता खाट कुठे होती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

उपचारांचे शास्त्रही या अवधीत पुष्कळ पुढे सरकले. आरंभी घाईने नळी घालण्याकडे कल होता. पुढे रुग्णाला पालथे झोपवून, जोरकस प्राणवायू देऊन शक्य तोवर व्हेंटिलेटर टाळण्याची रीत रूढ झाली, आणि जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या चाचणीने डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त, जुन्या औषधाचा गुण सिद्ध केला. डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखालील राज्याच्या कृतिदलात मुलुंडच्या फोर्टिसमधले अतिदक्षतातज्ज्ञ डॉ. राहुल पंडित होते, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलातही त्यांचा समावेश झाला. म्हणजे उपनगरांत विद्वत्ता नव्हती असे नाही. ती पालिकेच्या खाटेपर्यंत पोहोचत नव्हती.

७ जानेवारी २०२२ रोजी २०,९७१ रुग्ण नोंदले गेले तरी बहुतेकांना लक्षणेच नव्हती, आणि अतिदक्षता विभाग भरले नाहीत. त्यानंतर मैदाने टप्प्याटप्प्याने मोकळी झाली, कंत्राटी डॉक्टर-परिचारिकांच्या नेमणुका संपल्या, यंत्रसामग्री पालिकेच्या रुग्णालयांत वाटली गेली. दहिसर आणि वरळीच्या केंद्रांना मनुष्यबळ पुरवण्याच्या कंत्राटाची चौकशी अंमलबजावणी संचालनालयाने २०२३ मध्ये हाती घेतली. कागदावर दाखवलेले डॉक्टर आणि कर्मचारी प्रत्यक्षात तितके नव्हतेच, असा तिथला आरोप. त्याच वर्षी मुलुंड पोलिसांतही एक गुन्हा नोंदला गेला. तो तंबूतल्या केंद्राविषयी नव्हता. अग्रवाल रुग्णालयाचा कायमस्वरूपी अतिदक्षता विभाग ज्या बाहेरच्या संस्थेकडे चालवावयास दिला होता, तिने आवश्यक पात्रता नसलेल्या व्यक्तींना तिथे डॉक्टर म्हणून नेमल्याची ती फिर्याद होती, आणि तिच्यात नमूद केलेल्या कालावधीत साथीची दोन्ही वर्षे येत होती.