गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे : तपासणी व उपचार

पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात आली की तयारी एकदम सुरू होते आणि थोड्याच दिवसांत काहींची तक्रार येते, "गुडघा पुढून दुखतो." हमरापूर, जोहे, जिते या भागात गणपतीच्या कारखान्यांत तासन्‌तास गुडघे दुमडून काम करणाऱ्या भगिनींनाही हा त्रास होऊ शकतो. मग कोणी तेल चोळतो, कोणी धावणेच सोडतो, तर कोणी 'वाटी झिजली' या भीतीने गुडघ्यात इंजेक्शन घेतो. म्हणून या दुखण्याची थोडी शास्त्रीय माहिती येथे देत आहे.

दुखणे कशामुळे होते?

वाटी हे स्नायूच्या कंडरेत असलेले शरीरातील सर्वांत मोठे हाड होय. गुडघा वाकताना व सरळ होताना ती मांडीच्या हाडाच्या खोबणीतून खाली-वर सरकते आणि मांडीच्या स्नायूची ताकद वाढवते. या कामात तिच्यावर मोठा दाब येतो. १९७२ साली झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार हा दाब सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा, जिना चढता-उतरताना तिपटीहून अधिक, तर पूर्ण खाली बसताना सातपटीहून अधिक असतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या वाटीवर चालताना ३० किलो, जिन्यावर सुमारे २०० किलो आणि पूर्ण खाली बसताना ४५० किलोच्या आसपास भार येतो.

हा भार पेलण्याची सवय शरीराला हळूहळू होते. भार एकाएकी वाढला, किंवा मांडीचे व खुब्याभोवतीचे स्नायू दुबळे असले, की वाटीभोवतीचा भाग दुखू लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळते. दुखते म्हणजे हाड झिजलेच, असे मात्र नव्हे. वेदना नसताना गुडघ्यात होणारा कटकट आवाजही घाबरण्यासारखा नसतो.

तपासणी कशी करतात?

फिजिओथेरपिस्ट प्रथम विचारपूस करतो. दुखणे केव्हा सुरू झाले? त्याआधी कामात किंवा व्यायामात काय बदल झाला? जिना उतरताना, उकिडवे बसताना, बराच वेळ बसून उठताना दुखते का? या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच बरेचसे निदान होते. त्यानंतर रुग्णाला खाली बसायला सांगतात. या हालचालीत वाटीभोवती दुखणे ही सर्वांत उपयोगी खूण आहे. एका पायावर थोडे वाकताना गुडघा आत वळतो का, हेही पाहतात. एक्स-रेची गरज बहुधा पडत नाही.

पुढील लक्षणे असल्यास मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे : पडल्यानंतर आलेली सूज, पायावर भार न देता येणे, गुडघा अडकणे, ताप व लाली, रात्री झोपमोड करणारी वेदना. वाढत्या वयातील मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर त्याचा खुबाही तपासून घ्यावा. खुब्याचा आजार कधीकधी गुडघ्यात दुखतो.

उपचार

मुख्य उपचार व्यायाम हाच आहे. २०१८ साली जगभरातील तज्ज्ञांनी एकमताने केलेल्या शिफारशीत गुडघा व खुबा या दोन्हींचे व्यायाम एकत्र करण्यास प्रथम स्थान दिले आहे. नुसते मशीनचे शेक घेण्याची शिफारस त्यांनी केलेली नाही.

१) पाठीवर झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय उचलणे.
२) कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलणे.
३) पाठीवर झोपून, गुडघे उभे ठेवून कंबर उचलणे.
४) भिंतीला टेकून थोडेसेच खाली जाणे व वर येणे.
५) पुढे ताकद आल्यावर, कमी उंचीच्या पायरीवर सावकाश चढणे-उतरणे.

हे व्यायाम प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्यांत, आठवड्यातून तीन दिवस करावेत. किमान सहा ते बारा आठवडे चिकाटी हवी. व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले तर चालेल. वाढत गेले तर प्रमाण कमी करावे. वाटीजवळ चिकटपट्टी लावण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ मध्ये मांडली. तिने सुरुवातीचे काही आठवडे आराम पडतो, पण ती व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.

भार आवरणेही तितकेच महत्त्वाचे. धावणाऱ्यांनी अंतर दर आठवड्याला थोडे थोडेच वाढवावे व पावले लहान टाकावीत. बैठे काम करणाऱ्यांनी शक्य तेथे स्टूल घ्यावे आणि अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करावेत.

भौतिक चिकित्सेसाठी मुंबईत हाजी अली येथे केंद्र शासनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. जवळच्या शासकीय रुग्णालयातही चौकशी करावी. दुखणे अंगावर काढू नये आणि भीतीपोटी पाय वापरणेही सोडू नये. भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता तीन महिने आधीच व्यायामाला लागणाऱ्या मुलाला वा मुलीला गुडघ्यापायी मैदान सोडण्याची वेळ सहसा येणार नाही.